ब्राऊन ऑल फुलपाखरू दाखवणाऱ्या दादांना

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दादा, समोरासमोर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र.

तपकिरी स्किपर (झपकन उडणारी फुलपाखरं, ब्राऊन ऑल त्यातलंच एक) ओळखायचे म्हणजे डोक्याला ताप. पुस्तकात ते पंख पसरून शहाण्यासारखे बसलेले असतात. रानात मात्र पानाखाली टेकले न टेकले तोच पसार. "ठिपके राहू दे, आधी अंगकाठी बघ," असं तुम्ही म्हणालात आणि निम्मं काम तिथेच झालं. ब्राऊन ऑलचा पुढचा पंख लांब नि अरुंद, मिटून बसला तरी मागच्या पंखाच्या बराच बाहेर येणारा. मागच्या पंखाचा खालचा कोपरा किंचित ओघळलेला. पोटावर फिकट आडवे पट्टे. पंखाची खालची बाजू साधी तपकिरी; तिथे ठळक पांढरा पट्टा दिसला तर कॉमन बँडेड ऑल या दुसऱ्या स्किपरचा विचार करायचा. पुढच्या पंखावरच्या अर्धपारदर्शक खुणा तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवल्यात, ते बरं केलंत. नरात त्या इतक्या बारीक असतात की त्यांच्यावरच विसंबलं तर नजर उगाच अडकते.

त्याहून मोठं देणं म्हणजे तुमचा हट्ट. चार फुलपाखरं सुसाट गेली म्हणून वहीत 'स्थलांतर' लिहू दिलं नाहीत. सगळी एकाच दिशेने जातायत का? फुलांवर थांबतायत का? वाटेत झाड आलं तर वळसा घालून पुन्हा तीच दिशा धरतायत का? हे बघेपर्यंत पेन खिशात. आणि मग बेहड्याची, माधवीलतेची कोवळी पालवी तपासायला लावलीत. पिवळ्या अंगावर काळे आडवे पट्टे असलेल्या ब्राऊन ऑलच्या अळ्यांनी पालवी फस्त केली होती. अळ्या वाढतात कोवळ्या पानांवर. ती संपली की पुढच्या पिढीसाठी नवी पालवी शोधत निघावंच लागतं. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या फुलपाखराच्या भटकंतीचं कारण असं फांदीवरच वाचता येतं, हे मला एकट्याला कधी सुचलं नसतं.

फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने 1775 मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय, पण उडताना ओळखायचं कसं ते तुमच्याकडूनच कळलं. मनापासून आभार.

ता. क. जवळचं स्पष्ट दाखवणारी तुमची दुर्बीण माझ्याकडेच आहे. पालवीचा हंगाम सरेपर्यंत मागू नका.

तुमचा,
रानातला भिडू