कापडी फुलं आणि मेणबत्ती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘चिंध्यांपासून फुलं’ करण्याची कृती वाचली. लेख चांगलाच होता, पण त्यातलं एक वाक्य मला गप्प बसू देईना: ‘पाकळी कापून झाली की तिची कड मेणबत्तीवर धरावी, म्हणजे दशा निघत नाहीत.’ कोणत्या कापडाची पाकळी, ते कुठंच नाही. मी चाळीस वर्षं शिवणकाम करते, शिकवतेही. हे वाचून घरोघरी काय होईल, ते डोळ्यांसमोर आलं म्हणून लिहायला बसले.

ज्योतीनं कड बंद होते ती पॉलिस्टरची किंवा नायलॉनची. त्यांचा धागा वितळतो आणि शेजारच्या धाग्याला चिकटतो, म्हणून दशा थांबतात. सुती कापड वितळतच नाही, सरळ पेटतं. लेखासोबतचं छायाचित्र मी भिंग लावून पाहिलं. पाकळ्यांच्या कडा आत वळून किंचित जाडसर झाल्या होत्या, म्हणजे ते फूल पॉलिस्टरच्या सॅटिन रिबनचं. मजकूर चिंध्यांचा आणि चित्र रिबनचं!

सगळ्यात फसवं कापड मिश्र धाग्याचं. त्यातलं सूत जळतं आणि पॉलिस्टर वितळतं. वितळलेलं पॉलिस्टर खाली गळून पडायच्या ऐवजी त्या जळत्या सुतालाच धरून राहतं, त्यामुळे आग आणखी जोर धरते. मी एकदा अस्तराचा तुकडा निव्वळ पॉलिस्टर समजून ज्योतीवर धरला होता. ज्योत सरसर बोटांपर्यंत आली आणि एक थेंब अंगठ्याला चिकटला. घाबरून मी तो ओढून काढला, तर त्याच्याबरोबर कातडीही आली. असा थेंब ओढायचा नसतो, साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं हात धरायचा असतो, हे नंतर कळलं. डाग अजून आहे. नव्या मुलींना मी तोच आधी दाखवते.

म्हणून पाकळी कापण्याआधी चिंधीच्या कडेचा एक धागा ओढून काढावा, चिमट्यात धरावा, खाली पाण्यानं भरलेली बशी ठेवावी आणि मगच पेटवावा. जळक्या कागदाचा वास आला, मऊ राखाडी राख पडली, तर सूत. जळक्या केसांचा वास आला आणि उरलेली काळी गोळी चिमटीत चुरली, तर रेशीम. धागा ज्योतीपासून आकसून मागे सरला आणि टोकाला न चुरणारा टणक मणी झाला, तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. रेयॉनला लोक कृत्रिम म्हणतात, पण तो लाकडाच्या लगद्यापासून होतो, तेव्हा जळतो सुतासारखाच. वास आणि राख दोन्ही सरमिसळ वाटली तर ती चिंधी मेणबत्तीपासून लांबच ठेवावी.

रिबनच्या बाबतीतही कड ज्योतीच्या पिवळ्या टोकात घालू नये, पांढरी रिबन काजळीनं काळी होते. ज्योतीच्या बुडाशी जो निळसर भाग असतो, त्याच्या बाजूनं कड नुसती फिरवत न्यावी.

मग सुती चिंध्यांचं काय? त्यांना मेणबत्ती लागतच नाही. पट्टी उरेब कापावी, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना 45 अंशांत तिरकी. धागे कडेला तिरके येऊन संपतात, त्यामुळे दशा फारशा सुटत नाहीत आणि पट्टी ताण घेते, वळणही छान धरते. साधारण 5 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर लांब पट्टी लांबीत दुमडावी, दोन्ही उघड्या कडा एकत्र धरून धावदोरा घालावा आणि दोरा ओढत चुण्या करत पट्टी गुंडाळत जावी. बुडाशी चार टाके मारले की गुलाब तयार. कापलेल्या कडा सगळ्या खाली दडतात, वर दिसते ती फक्त दुमड. लहान चिंध्या असतील तर 7 सेंटिमीटरचे पाच गोल कापावेत, प्रत्येक अर्धा दुमडून गोल कडेवर धावदोरा घालावा. मात्र पाचही गोल एकाच दोऱ्यात ओवायचे. मुली दर वेळी दोरा तोडतात आणि मग पाकळ्या विस्कटल्या म्हणून कुरकुरतात. दोरा दुहेरी घ्यावा. एकेरी असला तर ओढताना नेमका शेवटच्या पाकळीला तुटतो.

पुढच्या रविवारी कापड ओळखण्याबद्दल दोन-चार ओळींचा खुलासा छापावा, एवढी विनंती. बाकीच्या कृतीबद्दल माझी तक्रार नाही. फुलाच्या मधोमध बटण लावायची सूचना तर मी उचललीच, फक्त माझं बटण त्याच चिंधीनं मढवलेलं आहे.

आपली,
एक शिवणकाम शिक्षिका