हप्त्याला स्वस्त म्हणू नका

माननीय संपादक महाशय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दातांच्या खर्चाचा लेख काल दोनदा वाचला. एकदा माझा मी, आणि एकदा पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. ‘सुलभ हप्ते’ हे शब्द आले तशी ती हातातलं निवडण टाकून बाहेर आली आणि म्हणाली, "यांना पत्र लिहा. आजच लिहा." म्हणून लिहितो आहे. भाषा कुठे कडक झाली तर क्षमा असावी, पण मजकूर कापू नये ही विनंती.

आपल्या लेखात उपचार परवडण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: बिनव्याजी हप्ते, विमा आणि वेळेवर घेतलेली काळजी. काळजीबद्दल माझं काही म्हणणं नाही. सकाळ-संध्याकाळ दात घासावेत, तंबाखूची मिसरी लावू नये, हे खरंच आहे. राज्य सरकारनेही ‘स्वच्छ मुख अभियान’ काढलं आहे, २०२३ साली सचिन तेंडुलकर त्याचा सदिच्छादूत झाला, हे चांगलंच झालं. पण ज्या बाईने चाळीस वर्षं मिसरी लावली, जिचा जबडा आज सुजला आहे, तिने पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता. त्याला आपण उत्तर दिलंत, कर्ज काढा.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. पेन्शन महिना २,८६० रुपये. मागच्या दिवाळीनंतर पत्नीचा उजवा गाल सुजला. आधी लवंग, मग मेडिकलवरची गोळी, असे तीन आठवडे गेले. मुलगा चाकणला कंत्राटी कामावर आहे, त्याने फोनवर शोधून एका मोठ्या शहरातल्या चकचकीत क्लिनिकची वेळ घेतली. तिथे सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. खालची अक्कलदाढ आडवी पडलेली आणि तिच्याखाली पाण्याची गाठ. गाठ काढायची, दोन दाढा काढायच्या, नंतर दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, आणि त्यावर कॅप. सगळे मिळून ७८,००० रुपये.

एवढे पैसे नाहीत म्हणालो. समोरची मुलगी हसून म्हणाली, "काका, पैशाचं टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे झिरो कॉस्ट आहे." तिने मुलाचं आधार, पॅन आणि पासबुकाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घेतला. "फाइल बनवायला ओटीपी येईल, तो सांगा," म्हणाली. मुलगा कंपनीत लाइनवर उभा होता. त्याने आकडे वाचून दाखवले आणि फोन ठेवला. पत्नी आत खुर्चीवर तोंड उघडून बसली होती. मी बाहेर केसपेपरची वाट बघत होतो. आम्हा तिघांपैकी एकालाही कळलं नाही की कर्ज मंजूर झालं, ७८,००० रुपये थेट क्लिनिकच्या खात्यावर गेले आणि मुलाच्या पगारातून पुढच्या महिन्यापासून ६,५०० रुपये कापले जाणार. दाढेला अजून कोणी हातही लावला नव्हता.

आता ‘बिनव्याजी’चा हिशोब सांगतो, कारण आपल्या लेखात तो नाही. प्रक्रिया शुल्क २,९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३,५३९ रुपये पहिल्याच दिवशी गेले. डॉक्टरांच्या उपचारावर जीएसटी लागत नाही, पण उपचारासाठी काढलेल्या कर्जाच्या शुल्कावर लागतो. मुलाने मांडून पाहिलं, तर बारा हप्त्यांच्या या बिनव्याजी कर्जावर वर्षाला साडेआठ टक्क्यांहून जास्त व्याज पडतं. शून्य टक्क्यांच्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली दडवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच परिपत्रक काढून बँकांना बजावलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाआधी खर्चाचं खरं वार्षिक टक्केवारीचं पत्रक कर्जदाराला द्यावं लागतं, तेही त्याला समजेल अशा भाषेत. मुलाला मिळाली ती एसएमएसमधली इंग्रजी लिंक. मोबाइलवरून दिलेल्या अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत, मुद्दल परत करून आणि वापरलेल्या दिवसांचा आकार भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येतं, असाही नियम आहे. तो आम्हाला मुदत उलटून गेल्यावर कळला. हे नियम आपल्या लेखात चार ओळींत बसले असते.

आणि एवढं करून शस्त्रक्रिया झाली का? नाही. "बाहेरगावचे सर्जन येतात, त्यांची तारीख मिळू द्या." डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दोनदा जाऊन दोनदा परत आलो. ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे मुलाचे दोन हप्ते चुकले, त्याचे प्रत्येकी ५९० रुपये वेगळे कापले. पैसे परत मागितले तर म्हणाले, तुमच्या नावाने इम्प्लांटचं सामान मागवलं आहे. कर्ज देणारे म्हणाले, आमचा उपचाराशी संबंध नाही. विम्याचंही सांगून टाकतो. मुलाने आमच्यासाठी पॉलिसी घेतली आहे, हप्ता नियमित भरतो. तिथून उत्तर आलं, दातांचा उपचार वगळलेला आहे, अपघात होऊन दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असतं तर विचार केला असता. बहुतेक पॉलिसींत हेच कलम असतं. बाह्यरुग्ण खर्चाचं, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचाराचं, वेगळं कवच घेतलं तर थोडंफार मिळतं, त्यालाही मर्यादा असते. आपला लेख मात्र ‘विम्यातही आता दातांचा समावेश असतो’ एवढं सांगून पुढे जातो. हे वाक्य वाचून कुणी आधी खर्च करून बसला तर त्याला जबाबदार कोण?

या सगळ्या काळात पत्नी भाकरी दुधात कुस्करून खात होती. डाव्या बाजूनेच चावायचं, गरम नको, गार नको. रात्री कण्हायची आणि मला जाग आली की गप्प व्हायची.

फेब्रुवारीत गल्लीतल्या, आरोग्य खात्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी तिचा गाल पाहिला आणि त्या मलाच रागावल्या. दुसऱ्या दिवशी सेलूच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, हे मी पेपरात वाचलं होतं, पण दातांचा डॉक्टर तिथे बसतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तिथल्या मॅडमनी तोंड पाहिलं, मिसरीचं विचारलं आणि एका मिनिटात चिठ्ठी लिहिली: घाटी.

घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं मोठं सरकारी रुग्णालय; आमच्याकडे घाटी म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. तिथल्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. केसपेपर काढला आणि दोन तास नंबरला बसलो. एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, करणारी एक मुलगी आली, असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिने केसपेपरच्या पाठीमागे पेनने जबडा काढून पत्नीला समजावलं, गाठ इथे आहे, हाडाला इथे भोक पडलं आहे, इथून चिरायचं. तोपर्यंत आम्हाला कोणी चित्र काढून दाखवलं नव्हतं. मग ती म्हणाली, "आजी, काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा असतो. मिसरी लावता ना, म्हणून तर पाठवायचाच." ७८,००० च्या अंदाजपत्रकात त्या तपासणीचं नाव नव्हतं. मी ते कागद घरी आल्यावर पुन्हा पाहिले. नाव नव्हतं.

तोंडातच भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. पावणेदोन तास लागले, कारण मुलगी शिकणारी होती आणि सर मागे उभे राहून तिला थांबवत, सांगत होते. मला तो उशीर चालला. तपासणीचा अहवाल यायला काही दिवस गेले, ते दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. अहवाल चांगला आला. शस्त्रक्रिया, एक्स-रे, रक्ततपासणी, बाहेरून आणावी लागलेली औषधं आणि सात खेपांचं भाडं धरून सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत बसला. इम्प्लांट नाहीत, काढता-घालता येणारी अर्धी कवळी करून देणार आहेत. तिला भाकरी चावता आली की झालं, तिचंही म्हणणं तेच आहे.

तिथे गैरसोय नाही असं मी म्हणत नाही. नंबर लागायला पहाटे निघावं लागतं, एका कामाला तीन खेपा होतात, सोबतच्या माणसाला टेकायला जागा नाही. तरीही हे सांगायलाच हवं होतं. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, नागपुरात शासकीय आहे. खासगी दंत महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात, त्यामुळे तिथले दर बाहेरच्या क्लिनिकपेक्षा पुष्कळ कमी असतात. जबडा मोडला किंवा मोठी गाठ असून दाखल व्हावं लागलं, तर धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हायकोर्टाच्या २००६ च्या आदेशापासून ती योजना चालू आहे. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं कार्ड आमच्याकडे आहे, पण दाखल होण्याची गरज नसल्यामुळे आमची केस त्यात बसत नाही असं योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राने सांगितलं, म्हणून लोकांनी आधी विचारून घ्यावं. यातली एकही गोष्ट लेखात नाही. लेखाच्या शेजारच्या अर्ध्या पानावर हप्त्यावर दात बसवून देणाऱ्यांची जाहिरात मात्र आहे. जाहिरात घेऊ नका असं मी म्हणत नाही, पेपर चालवायला पैसे लागतात. पण जाहिरात आणि लेख एकच गोष्ट सांगू लागले तर आमच्यासारख्यांनी कुणाकडे बघायचं?

खेपांवरून आठवलं, म्हणून हेही लिहितो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण जालना रस्त्याने बसच्या हादऱ्यांत ताजे टाके घेऊन बसणं तिला सोसत नव्हतं. म्हणून रेल्वेने जायचो. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाने काढून घेतली. पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के होती. करोना गेला, गाड्या भरून धावू लागल्या, सवलत काही परत आली नाही. सरकारी दवाखान्याच्या वाटेवर पूर्ण तिकीट काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने आपण एक अग्रलेख लिहावा. मागे या विषयावर दोन पत्रं पाठवली होती, ती छापली नाहीत.

कर्जाचे चार हप्ते अजून जायचे आहेत. कर्ज देणाऱ्यांकडे लेखी तक्रार करून तीस दिवस झाले, उत्तर नाही, म्हणून आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. आपल्याकडे माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. विम्याबद्दलच्या वाक्याची दुरुस्ती छापा. आणि पुढच्या रविवारी, त्याच पानावर, जाहिरातीएवढ्याच जागेत, मराठवाड्यात कुठल्या सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो, केसपेपर किती वाजेपर्यंत मिळतो आणि घाटीला जाताना कोणते कागद लागतात, ते छापा. आपले वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना हे एका दिवसाचं काम आहे. सेलूपुरती माहिती मी या पत्रासोबत जोडली आहे. कवळीच्या मापासाठी येत्या मंगळवारी आम्ही पुन्हा घाटीला जाणार आहोत, तेव्हा तिथल्या खिडकीवरच्या वेळाही लिहून आणीन आणि पाठवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक
सेलू, जि. परभणी