नव्वदचं हिप हॉप म्हणजे फक्त टुपॅक आणि बिगी नाही हो

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन हिप हॉपवर पानभर लेख दिलात, बघून खरंच भारी वाटलं. मराठी पेपरात या विषयाला अख्खं पान मिळतंय हेच खूप. पण वाचत गेलो तसं तोंड वाकडं व्हायला लागलं. तेच दोन रॅपर, टुपॅक आणि बिगी, ईस्ट कोस्ट वेस्ट कोस्टची (म्हणजे अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या रॅपरांची) भांडणं, कोणाला कुठे गोळी लागली, मग एमिनेम आणि शेवटी उडी मारून थेट 'गली बॉय'. गाण्यांबद्दल चार ओळी पण नाहीत, नुसता क्राइम रिपोर्ट! टुपॅक मोठाच, त्यात वाद नाही. पण हे म्हणजे मराठी सिनेमावर लिहायला बसायचं आणि लक्ष्या-अशोकमामांवर थांबून घरी जायचं, तसं झालं.

आता मुद्द्यावर येतो. डिगेबल प्लॅनेट्स नावाचा तिघांचा रॅप ग्रुप होता. बटरफ्लाय, डूडलबग आणि लेडीबग मेक्का, म्हणजे नावं सगळी किड्यांची. 1993 मध्ये त्यांचं 'रीबर्थ ऑफ स्लिक' हे गाणं तुफान चाललं, त्याला 1994 ला ग्रॅमी मिळालं. मग त्याच वर्षी दुसरा अल्बम आला, 'ब्लोआउट कोम'. कोम म्हणजे कंगवा, आफ्रो केस फुलवायचा तो लांब दात्यांचा. (माझा एक मित्र अजूनही 'कोंब' म्हणतो, मोड आलेल्या मटकीसारखा.) पहिल्याच्या मानाने हा अल्बम काहीच चालला नाही, त्यात रेडिओवर वाजेल असं हिट गाणं नव्हतं, आणि 1995 मध्ये ग्रुपच फुटला. तुमच्या लेखात या अल्बमचं नाव नाही याचं मला नवल नाही वाटलं, अशा कुठल्याच लेखात नसतं. पण माझ्या मते त्या दशकातला सगळ्यात कमी कौतुक झालेला अल्बम हाच.

माझ्याकडे तो आला 1996 च्या दिवाळीत. मावसभाऊ न्यू जर्सीला होता, त्याने चॉकलेटांबरोबर ही सीडी आणली. आमच्याकडे होता टू-इन-वन, फक्त कॅसेटवाला. त्यामुळे पुढचे चार-पाच महिने मी ती सीडी नुसती बघितली. आतली पुस्तिका उघडायची, वास घ्यायचा, परत नीट घडी घालून ठेवायची. ती पुस्तिका साधी नव्हती, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीचा पेपर निघायचा ना, त्याच्यासारखी मांडणी केलेली. वडिलांनी एकदा हातात घेतली. ते वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले, त्यांना इंग्रजी गाण्याशी काही देणंघेणं नाही, पण मी ब्लॅक पँथर म्हटल्यावर चष्मा वर करून म्हणाले, "पँथर? अरे आमच्याकडे पण होते की!" आणि मग तासभर 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर कशी उभी राहिली, ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, सभांना कशी गर्दी व्हायची, चाळीतल्या दंगलीच्या वेळी आजीने पोरांना कसं घरात कोंडून ठेवलं होतं, हे सगळं सुरू झालं. दलित पँथरने नाव आणि प्रेरणा ब्लॅक पँथरकडूनच घेतली हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, शाळेत कोणी सांगितलं नाही. ते कळलं एका रॅपच्या सीडीमुळे, तेही सीडी वाजवायच्या आधी.

मग एका मित्राकडे प्लेअर आला आणि ऐकली, तर वाटलं सीडी खराब आहे! रॅप म्हणजे आवाज पुढे आणि बीट (म्हणजे मागचा ताल) मागे अशी कानाला सवय, इथे तिघांचे आवाज वाद्यांच्या मधेच कुठेतरी मुरवलेले, शेजारच्या खोलीत कोणी गप्पा मारतंय आणि भिंतीला कान लावून आपण ऐकतोय असं. दोनदा व्हॉल्यूम वाढवला, मित्राची आई ओरडली. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की हे मुद्दाम केलंय. 'ब्लॅक ईगो'मध्ये रॅप संपल्यावर पण वाद्यं निवांत चालूच राहतात, कोणालाच घाई नाही. 'बरो चेक' हे गाणं ब्रुकलिनवर, त्यात सॅम्पल (म्हणजे जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा) रॉय एअर्स या जॅझवाल्याच्या ब्रुकलिनवरच्याच गाण्याचं, आणि पाहुणा म्हणजे गँग स्टार ग्रुपमधला गुरू नावाचा रॅपर. आणि लेडीबग मेक्का! ती ओरडत नाही, हिरोगिरी करत नाही, हळू आवाजात बोलल्यासारखं रॅप करते आणि दोन्ही पुरुषांच्या बरोबरीने करते. तुमच्या पानभर लेखात एकाही बाईचं नाव नव्हतं, हे जाता जाता.

एकावरच थांबलो तर म्हणाल फॅन आहे, म्हणून अजून थोडं. त्याच 1994 मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या ऑर्गनाइज्ड कन्फ्युजन या ग्रुपचा 'स्ट्रेस' हा अल्बम आला. त्यात 'स्ट्रे बुलेट' नावाचं गाणं आहे, ते चक्क बंदुकीची गोळी बोलते. ती सुटते, कुठून कुठे जाते, कोणाला लागते, सगळं तिच्याच तोंडून. पुढे दोन वर्षांनी नास या रॅपरने बंदुकीला बोलायला लावलं, त्याचं कौतुक सगळे करतात, पण त्याच्याआधीची ही गोळी कोणाला आठवत नाही. जेरू द डमाजा या रॅपरचा पहिला अल्बम पण 94 चाच, त्यातल्या 'कम क्लीन'ची डीजे प्रीमियरने केलेली बीट म्हणजे रात्री नळ नीट बंद न केल्यावर बादलीत टपटप होतं ना, सेम तो आवाज, त्यावर अख्खं गाणं उभं केलंय.

आणि डे ला सोल या ग्रुपचा 'बुलून माइंडस्टेट' हा अल्बम, 1993. मेसिओ पार्कर, म्हणजे जेम्स ब्राऊनचा सॅक्सोफोनवाला, त्याला बोलावून एक पूर्ण ट्रॅक नुसता सॅक्सोफोनचा ठेवलाय, रॅपच्या अल्बममध्ये! शिवाय एका ट्रॅकवर जपानी रॅपर जपानीत रॅप करतात. 1993 मध्ये! आणि आपल्याकडे अजून लोक विचारतात मराठीत रॅप शोभतं का, त्यांनी जरा मुंबईच्या स्वदेसी ग्रुपमधल्या एमसी मवाली या रॅपरला ऐकावं. डे ला सोलची जुनी गाणी 3 मार्च 2023 पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हतीच, कारण जुन्या करारांत सॅम्पलची परवानगी डिजिटलसाठी घेतलेलीच नव्हती. त्यामुळे एका अख्ख्या पिढीने त्यांना ऐकलंच नाही. आणि गाणी यायच्या जेमतेम तीन आठवडे आधी त्यांच्यातला रॅपर ट्रुगॉय वारला.

असे अल्बम मागे का राहिले, तर एक तर 93-94 ला गर्दीच बेक्कार होती. 9 नोव्हेंबर 1993 या एका दिवशी वू टँग ग्रुपचा पहिला अल्बम आणि ट्राइब कॉल्ड क्वेस्ट ग्रुपचा 'मिडनाइट मरॉडर्स' दोन्ही आले, मग त्याच महिन्यात स्नूप डॉगचा पहिला अल्बम. त्यात कंपन्यांना पाहिजे एक हिट गाणं, ते नसेल तर पुढचा पैसा बंद. आणि 1991 च्या शेवटी बिझ मार्की या रॅपरविरुद्ध सॅम्पलच्या केसचा निकाल लागल्यापासून प्रत्येक तुकड्याची परवानगी घेण्याचं ओझं वाढलं ते वेगळंच.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी कोणाचा खून कोणी केला हे सोडून गाण्यांवर लिहा. पान नको, अर्धा कॉलम द्या. पुस्तिकेचा फोटो पाहिजे असेल तर माझ्याकडची पाठवतो, घड्यांवर जरा फाटलीये आणि एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, तो वडिलांचा.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)