अकरावीच्या अर्जात गणिताबद्दल एक ओळ वाढवा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी औसा तालुक्यातला. नौदलात हेलिकॉप्टर वैमानिक होतो, निवृत्तीनंतर गावाकडेच राहतो. लातूर, उदगीर, नांदेडच्या महाविद्यालयांतून अधूनमधून भाषणाला बोलावतात. भाषण संपल्यावर दोन-चार पोरं मागे रेंगाळतात. "सर, मला बी पायलट व्हायचंय, काय करावं लागंल?" मी आधी एकच विचारतो, गणित आहे का? उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते : "नाही सर, नीटची बॅच आहे. मॅथ्स सोडलं."

तिथे बोलणे खुंटते. एनडीएच्या (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल आणि हवाई दल शाखेला बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागते. केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत बारावीनंतर बी.टेक.ला जायचे तरी तेच. पदवी घेऊन नौदलात वैमानिक व्हायचे म्हटले तर इंजिनिअरिंगची पदवी मागतात, म्हणजे फिरून गणितच. एनडीएची लष्कराची शाखा तेवढी कुठल्याही विषयांना खुली आहे. विषय निवडताना हे त्या पोराला कोणी सांगितलेले नसते.

गणिताचा हट्ट नौदल उगाच धरत नाही. सी किंग हेलिकॉप्टर जहाजावरून उडते ते पाणबुडी हुडकायला. रात्रीच्या वेळी पाण्यापासून 40-50 फुटांवर एका जागी स्थिर राहायचे आणि केबलने सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणारे यंत्र, समुद्रात सोडायचे. खाली काळे, वर काळे, क्षितिज कुठे ते कळत नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवला की संपले. समोरची यंत्रे म्हणतील तेच खरे धरायचे. काम उरकून परतायचे, तर जिथून उडालो तिथे आमची विमानवाहू नौका 'विराट' (2017 मध्ये ती निवृत्त झाली) नसायची. ती तोवर कितीतरी मैल पुढे गेलेली असायची. तिचा वेग, तिची दिशा, वारा, टाकीत उरलेले इंधन, यांचा हिशेब सतत चालू ठेवावा लागतो. मदतीला ऑब्झर्व्हर, म्हणजे मार्गाचा हिशेब ठेवणारा अधिकारी, असतो, यंत्रे असतात, पण वैमानिकाच्या डोक्यात तो हिशेब नसेल तर जहाज सापडायला वेळ लागतो आणि इंधन तेवढा वेळ थांबत नाही. अकरावीच्या पुस्तकातले कंटाळवाणे व्हेक्टर मला खऱ्या अर्थाने तिथे कळले.

माझी वाट एनडीएची तयारी करून घेणाऱ्या औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतून गेली. राज्य सरकारने 1977 मध्ये ती काढली नसती तर औशाचा पोरगा खडकवासल्याला पोचला नसता. पुढे नौदलाचे हवाई तळ : कोचीचे 'गरुड', अरक्कोणमचे 'राजाली', शेवटी गोव्याचे 'हंसा'. गावात मला अजून 'मिलिट्रीतले' म्हणतात. आरमार म्हटले की लोकांना आंग्रे आठवतात आणि कोकण. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या पोराने समुद्रावर उडायचे हे लोकांना थट्टेसारखे वाटते. पण 2019 मध्ये नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झालेल्या शिवांगी मुझफ्फरपूरच्या आहेत, आणि बिहारला कुठे समुद्र आहे?

नीटची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नवर माझा राग नाही. त्याने कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर केली. जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवता येते. बॅच चालवणाऱ्यांना ते गैरसोयीचे पडते, म्हणून ते सुचवत नाहीत.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. त्याच अर्जात विषयांच्या रकान्याखाली एवढी ओळ हवी : 'गणित न घेतल्यास एनडीएची नौदल व हवाई दल शाखा आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांचा मार्ग बंद होईल.' पालकाने ती वाचून मगच पुढे जावे. याला ना निधी लागतो, ना समिती. शिवाय ज्या महाविद्यालयांत विज्ञान शाखा आहे तिथे दोन्ही विषय एकत्र घेणाऱ्यांच्या तासिका एकमेकांवर येणार नाहीत, एवढे वेळापत्रक विभागाने तपासावे.

दुसरी मागणी मुलींची. एनडीए त्यांना 2022 मध्ये खुली झाली. राज्याने मुलींची सेवापूर्व संस्था नाशिकला काढली, हे चांगलेच झाले. पण किनवटच्या किंवा देवणीच्या घरातून सोळा वर्षांची मुलगी नाशिकला पाठवायला बाप सहजी तयार होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या संस्थेत मुलींची तुकडी आणि वसतिगृह सुरू करा. हा विषय आपल्या खात्याचा नाही, हे मला ठाऊक आहे. मंत्रिमंडळ मात्र एकच आहे.

दहावीचा निकाल लागला की अर्ज भरायला झुंबड उडेल. ओळ त्याआधी यावी.

आपला,
एक निवृत्त नौदल वैमानिक
ता. औसा, जि. लातूर