एप्रिलमध्ये बोटीवर याल का?

पुणे, जानेवारी

ति. नाना आणि ति. आई यांस,
सा. नमस्कार.

सेशेल्स बेटांच्या सहलीचं नाव काढलं की नाना "आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि आई म्हणते, "ह्यांना विचार." म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. वाचा आणि मग आपसात काय ते भांडून ठरवा.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही चौघं आणि ह्यांच्या मित्राचं कुटुंब मिळून आठवड्यासाठी एक बोट भाड्याने घेतोय. तुम्ही दोघं सोबत हवे आहात. तोवर गहू-हरभरा घरात आलेला असतो, केळीच्या पाण्याचं दादा बघेल. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत तुम्ही परत चोपड्याला असाल, कारण आखाजीला मलाच माहेरी यायचंय.

एप्रिलच का, तर तिथे मे ते ऑक्टोबर आग्नेयेचे वारे जोरात असतात आणि डिसेंबर ते मार्च वायव्येचा पावसाळी वारा. मधल्या एप्रिलमध्ये वारा पडतो. शिडाची हौस असलेले तेव्हा कुरकुरतात, कारण बरंचसं इंजिनावरच जावं लागतं. पण तुम्ही सोबत असताना मला शिडापेक्षा शांत पाणी महत्त्वाचं. ही बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवरच आहेत, त्यामुळे चक्रीवादळांच्या पट्ट्यात येत नाहीत. आपल्याकडे पारा चव्वेचाळीसकडे निघालेला असेल तेव्हा तिथे तीस-एकतीस. दमट मात्र फार, घामाच्या धारा लागतात.

आता नानांचं, "कलंडली तर?" आपली बोट कॅटामरान आहे. दोन बाजूंना दोन लांब तळ आणि वर मधोमध बैठक नि स्वयंपाकघर, त्यामुळे एका तळाच्या शिडाच्या बोटीसारखी ती एका अंगावर झुकत नाही. झोपायच्या खोल्या त्या दोन तळांत. बोट चालवायला तिथलाच कप्तान घेतोय. परवाना असेल तर लोक नुसती बोट घेऊन स्वतःही चालवतात, पण ते शौर्य आपल्याला नको. अंधारात बोट हाकायची नाही असं करारातच असतं. सूर्य बाराही महिने सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी एखाद्या खाडीत नांगर पडलेला असतो. नांगरही वाळू बघूनच टाकायचा, प्रवाळावर नाही, आणि साखळी पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट सोडायची. कप्तान मग पोहत जाऊन तो नीट रुतलाय का पाहून येतो. नाना, हे बघायला तुम्ही सगळ्यांत पुढे उभे असाल, मला माहीत आहे.

पाणी टाकीत सातशे-आठशे लिटर, त्यात दहा माणसं. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आहे, पण उन्हाळ्यात आई जशी तांब्या-तांब्याचा हिशेब ठेवायची तसंच तिथे वागायचं. समुद्रात डुंबायचं आणि शेवटी अंगावर दोन तांबे गोडं पाणी. मागच्या वेळी माझ्या ऑफिसच्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी टाकी अर्धी केली होती. आई असती तर त्यांची खैर नव्हती.

आई, तुझ्यासाठी अवघड जागा एकच आहे. बोट किनाऱ्याला लागत नाही. लहान रबरी होडीतून जायचं आणि लाटेत गुडघाभर पाण्यात उतरायचं. तुझ्या गुडघ्यांना ते जड जाईल. हात धरायला आम्ही आहोत, पण साडी चालणार नाही, पंजाबी ड्रेस शिवून घे. मळमळीच्या गोळ्या निघायच्या आधी घ्यायच्या असतात, उलटी सुरू झाल्यावर नाही. डॉक्टरांना विचारून ठेव, तुझी बीपीची गोळी चालू आहे.

सेशेल्सला बेटं शंभराहून जास्त, आपण बघणार चार-पाच. माहे बेटावर विमान उतरतं, मुंबईहून चार-साडेचार तास. म्हणजे तुमचा चोपडा ते मुंबई प्रवासच लांबचा! राजधानी व्हिक्टोरियात गणपतीचं देऊळ आहे, तमिळ लोकांनी 1992 मध्ये बांधलेलं. बोटीवर चढायच्या आधी तिथे दर्शन. नानांसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती, ती सांगूनच टाकते. 1770 मध्ये या बेटांवर पहिली वस्ती झाली, त्या मूठभर माणसांत पाच भारतीय होते.

मग प्रालँ बेट. तिथल्या व्हॅले द मे या जंगलात दर्याचा नारळ होतो. फकिराच्या हातात होडीच्या आकाराचा तो काळा वाडगा असायचा ना, तो याच नारळाच्या करवंटीचा. ही फळं वाहत मालदीवला लागायची, पण झाड कुठलं ते 1768 पर्यंत बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हतं. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात, बी पंचवीस किलोपर्यंत भरतं, आणि नर-मादी झाडं वेगळी. नाना, केळीला नऊ-दहा महिन्यांत घड येतो तरी तुम्ही बांधावर येरझाऱ्या घालता!

शेजारच्या क्युरिअस बेटावर मोठाली कासवं मोकळी फिरतात. पूर्वी तिथे कुष्ठरोग्यांना नेऊन ठेवायचे, त्यांच्या डॉक्टरांचं घर अजून आहे. ला दीग बेटावर सायकली, आणि ग्रॅनाइटचे गुळगुळीत प्रचंड धोंडे. प्रवाळ मात्र फोटोत दाखवतात तसं रंगीत दिसेलच असं नाही. 1998 मध्ये समुद्र तापून ते फार मेलं, 2016 मध्ये पुन्हा.

स्वयंपाक आपलाच. वांगी व्हिक्टोरियाच्या बाजारात मिळतात, गॅसवर भाजून भरीत करू, बोटभर धूर होईल. फळं-भाज्या-बियाणं इथून न्यायची नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तेव्हा नाना, केळ्यांची फणी पिशवीत घालू नका. तशीही जुने दर्यावर्दी केळं बोटीवर अपशकुनी मानतात. तुम्हाला राग येणार, पण तिथल्या बाजारात केळ्यांचे इतके प्रकार आहेत की तास-दीड तास तुम्ही हलणार नाही.

खर्चाचा आकडा लिहीत नाही, तुम्ही लगेच केळीच्या भावाने भागाकार कराल. एवढंच सांगते की भाडं अख्ख्या बोटीचं असतं, तुम्ही दोघं आलात म्हणून ते वाढत नाही. कप्तानाचा रोज, त्याचं जेवण, डिझेल आणि सागरी उद्यानांची फी वेगळी, ती आम्ही धरलीय. विमानाची तिकिटं ह्यांच्याकडून. त्यावर वाद नको, जावई आहे.

दोघांचे पासपोर्ट लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत. दादाला मुदत बघायला सांगा आणि पहिल्या पानाचा फोटो पाठवायला लावा. महिनाअखेर बोटीचे पैसे भरायचेत, त्याआधी मला कळलं पाहिजे. आणि आई, बिबडे टाकशील तेव्हा थोडे जास्त टाक.

तुमची,
सुमी