थंडीत अंडीपुंज आणताना

मा. संपादक,

थंडीत मराठवाड्यातली पहाट कधी 10 अंशांखाली जाते, तरी अनेक जण रेशीम किड्यांचे अंडीपुंज दुचाकीला पिशवी अडकवून आणतात. 25 अंश मानवणाऱ्या या अंड्यांना गार वारा लागला की आतली वाढ मंदावते, अळ्या एकाच दिवशी न निघता मागेपुढे निघतात आणि पुढे सगळी बॅच विस्कटते. छिद्रे पाडलेला थर्माकोलचा डबा घ्या. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून कडेला ठेवा; ती अंड्यांना टेकू नये. उन्हाळ्यातले ओले फडके आता नकोच, त्याने गारवा वाढतो. प्रवास दुपारी करा. शेजारी कीटकनाशक, तंबाखू कधीही नको! घरी अंड्यांवर काळा ठिपका दिसताच 48 तास काळ्या कागदात ठेवा.

– एक रेशीम उत्पादक, जि. बीड