तू किती लांब उभी असतेस?

अनगोळ, बेळगाव
28 जून 2025

चि. ताईस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून आई माझ्याशी तुटकच बोलते. "पोरीवर एवढं ओरडायला काय झालं होतं?" म्हणते. मी ओरडलो नव्हतो. जन्म भट्टीच्या घरघरीत गेला, माझा आवाजच तसा झालाय. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. तुझ्या नव्या कामाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

बुधवारी आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांचं यान सुटलं ते आम्ही उद्यमबागेत, आमच्या लोखंडाच्या फाउंड्रीतच बघितलं. मालकांनी जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी दिली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मोबाईलचा आवाज कुणालाच येईना. मोल्डिंगची पोरं, कोअर शॉपमधल्या बायका, सगळी एका मोबाईलवर वाकलेली. 12 वाजून 1 मिनिटाला खालून जाळ निघाला आणि ते 70 मीटरचं धूड असं सरळ वर गेलं की क्रेनवाला कानडीत "होत नोड्री!" (गेलं बघा!) म्हणून ओरडला, ते तेवढं पावसातही ऐकू आलं. पण खरी गंमत पुढं. आठेक मिनिटांनी त्याचा खालचा भाग माघारी आला आणि पाय टेकून उभा राहिला! साच्यासाठी लाकडी नमुने करणारे आमचे पॅटर्नवाले मामा म्हणाले, "व्हिडिओ उलटा लावलाय रे." त्यांना अजून पटलेलं नाही.

हे सरकारचं रॉकेट नव्हे, खाजगी कंपनीचं, हे तर कुणालाच खरं वाटेना. मी म्हटलं, आपल्याकडंही आहेत की. 2022 च्या नोव्हेंबरात श्रीहरिकोटाहून विक्रम-एस 89 किलोमीटर वर गेलं होतं, ते खाजगीच. आमची ताई असल्याच कामात आहे, हैदराबादला, इंजिनाच्या टेस्टिंगला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या दिवशी चहाचे पैसे कुणी मला देऊ दिले नाहीत.

लखनौला शुक्लांचे आईवडील बसले होते तेही दाखवलं. त्यांची आई टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. राकेश शर्मा अंतराळात गेले 1984 ला, म्हणजे 41 वर्षं झाली. तेव्हा मी शाळेत होतो आणि ते कसे दिसतात एवढंच मला बघायचं होतं. त्यांची आई कुठं बसली असेल हे तेव्हा मनात आलं नाही.

आता ठरवलेलं मोडतो. 18 तारखेला त्याच कंपनीचं मोठं रॉकेट टेक्सासमध्ये चाचणीच्या जागेवर उभ्या उभ्या फुटलं. धाकट्यानं मला दाखवायला नको होतं, पण दाखवलं. रात्रीचा दिवस झाला होता. कुणाला इजा झाली नाही, कारण माणसं लांब होती. तू किती लांब असतेस? "सेफ डिस्टन्स" असं म्हणू नकोस, मला मीटरमध्ये सांग. आणि मध्ये भिंत आहे की नुसती काच?

लेडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, ओलं राहिलं तर काय होतं ते माझ्या डाव्या पायावर आहे, तू बघितलंयस. तुमचं तर लोखंडही नव्हे, उणे 183 अंशांचा पातळ ऑक्सिजन! आम्ही साध्या ऑक्सिजनच्या सिलिंडरलासुद्धा तेलाचा हात लावू देत नाही, भडका उडतो म्हणून. आई खोबरेल पाठवते आहे. ते सुट्टीच्या दिवशीच लाव.

आणि एक. शुक्लांचं उड्डाण कितीदा पुढं गेलं बघ. ऑक्सिजनची गळती सापडली, तर आपल्या इस्रोनं नीट दुरुस्तीचा आग्रह धरला. लोक हसले असतील, तारीख पे तारीख म्हणून. तूही गळती दिसली की थांबा म्हणायचं, समोर साहेब असो की कोणी. नवी आहेस म्हणून गप्प बसायचं नाही. डोळे मिटून सही तर अजिबात करायची नाही. काम उरकलं म्हणून पाठ थोपटणारे पुढं...

झालं, सुरू झालं माझं. आई मागून वाचते आणि हसते आहे. माफ कर पोरी. तुला हे सगळं माझ्याहून जास्त कळतं.

लहानपणी शनिवारी डबा घेऊन यायचीस तेव्हा पोअरिंग, म्हणजे लोखंड ओतणं, चालू असलं की मी जमिनीवर खडूनं रेघ ओढायचो. इथून पुढं यायचं नाही. दुसरी पोरं रेघेवर पाय ठेवून बघायची. तू विचारलंस, "आप्पा, रेघ इथंच का? एक हात मागं का नको?" मला सांगता येईना. आमच्या मेस्त्रींनी तिथं ओढली होती, म्हणून मीही तिथंच ओढायचो. तुमच्याकडं ती रेघ कोण ओढतं? हिशेब करून ओढतात ना? तो हिशेब तुला येत असेल तर मला जरा बरं वाटेल.

चेन्नईच्या पोरांनी रॉकेटचं अख्खं इंजिन थ्रीडी प्रिंटरवर एका तुकड्यात छापून काढलं आणि गेल्या वर्षी मे महिन्यात उडवलंही, हे मी मामांना सांगितलं. साचा नाही, वाळू नाही, वेल्डिंग नाही. ते दिवसभर जेवले नाहीत नीट. मी म्हटलं, पंपाची बॉडी अजून कोणी छापत नाही, जेवा.

आपल्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे मूग आणि मेथी शुक्लांबरोबर वर गेलेत. आईला त्याचंच कौतुक जास्त. मोड कुठल्या बाजूला येतील, वर-खाली तर काही नाही तिथं, असं विचारते. तुला माहीत असेल तर तिला फोन कर. मला नको करूस, मी पुन्हा तेच विचारीन.

ट्रॅव्हल्सच्या बसनं कुंदा पाठवतोय. पावसात टिकत नाही, लवकर संपव. आणि चाचणी असेल त्या दिवशी आधी नाही सांगितलंस तरी चालेल, संपल्यावर एक मेसेज टाक. नुसतं "झालं" लिही.

तुझे
आप्पा

ता. क. डबा आत्याचा आहे. गणपतीला येताना आठवणीनं आण, मागच्या वेळचं तुला माहीतच आहे.